पॉलिकार्बोनेटची शेड दर पावसाळ्यात गळते? सिलिकॉनची नळी उघडण्याआधी हे तपासा

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकात इंदिरानगर असो, पाथर्डी फाटा असो की गंगापूर रोड, पलीकडून बोलणं साधारण तेच असतं. "भाऊ, गच्चीवरची शेड परत गळायला लागली. गेल्या वर्षीच सिलिकॉन मारून घेतलं होतं." मी त्यातला 'परत' हा शब्द धरून ठेवतो. दर वर्षी त्याच जागी पाणी येत असेल, तर मूळ कारण तसंच बसून आहे आणि आपण वरून फक्त लेप लावतोय.

मी आधी अंबडला मशीन शॉपमध्ये होतो. आता बरीच वर्षं शेड आणि फॅब्रिकेशनचीच कामं करतो. गळक्या शेडवर चढल्यावर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, शीट खराब आहे असं मला फार क्वचित आढळतं. शीट चांगली असते, पण लोखंडी पत्रा ठोकावा तशी ठोकलेली असते. सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

गेल्या वर्षी सिडकोतल्या एका मावशींकडे गेलो होतो. गच्चीवर बारा बाय वीसची शेड, चार फूट रुंदीच्या पाच पारदर्शक सॉलिड, म्हणजे भरीव, शीट, खाली बॉक्स पाइपचा सांगाडा. मावशी म्हणाल्या, "दादा, तीन वर्षांत तीनदा सिलिकॉन मारलं. आता पत्राच टाकून द्या. पण मग खाली अंधार होईल, माझी तुळस मरेल आणि कुरडया कुठं वाळवू?" मी म्हटलं, "मावशी, पत्र्याचं नंतर ठरवू. आधी मला वर चढून नीट बघू द्या."

वर जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या शेडवरही बहुधा हेच दिसेल. प्रत्येक स्क्रूभोवती शीट बशीसारखी खोलगट झाली होती आणि त्या बशीत पाणी साचून राहिलं होतं. स्क्रूखालचा रबरी वॉशर चेपून कडेने बाहेर आलेला, उन्हाने कडक होऊन चिरलेला. मी डोकं खाली नेऊन तिरक्या उन्हात पाहिलं, तर भोकाभोवती केसासारख्या बारीक रेषा चमकत होत्या. एक रेष भोकापासून निघून थेट शीटच्या कडेपर्यंत गेली होती, कारण तो स्क्रू कडेपासून जेमतेम बोटभर अंतरावर मारला होता. या सगळ्यावर सिलिकॉनचे तीन थर. नखाने उचकटल्यावर ते केळ्याच्या सालीसारखे निघून आले.

शीट हलते, आणि तिला हलावंच लागतं

पॉलिकार्बोनेटचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एक अंशाने वाढलं की साधारण ०.०६५ मिलिमीटर वाढतो. लोखंड तेवढ्यालाच ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. आकडे बारीक वाटतात, पण नाशिकच्या हवेत ते मोजून बघा. पौषात पहाटे इथे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली. एप्रिल-मेच्या दुपारी हवा चाळिशीला टेकते आणि उन्हात तापलेली शीट साठ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे पन्नास अंशांचा फरक. बारा फुटी शीट त्यात जवळपास १२ मिलिमीटरने लांब होते. तिच्या खालचा लोखंडी पाइप मात्र दोन मिलिमीटरच वाढतो. हा एक सेंटिमीटरचा फरक कुठंतरी जिरायला हवा. पक्क्या मारलेल्या स्क्रूंमध्ये त्याला जागा नसते, म्हणून तो भोक फाडतो, वॉशर ओढतो, सिलिकॉनची पकड सोडवतो, नाहीतर शीटच मध्ये फुगून वर येते.

वर्षातला मोठा फरक सोडा, एका दिवसातलाच घ्या. पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत बारा फुटी शीट सात-आठ मिलिमीटर पुढेमागे होते. हे रोज चालतं. तीन वर्षांत हजारावर वेळा झालं. सिलिकॉनच्या पातळ लेपाने हे सहन करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

सकाळी नऊ-दहाला आणि सूर्य कलल्यावर शेडमधून 'टक्, टक्' असा आवाज येत असेल, तर तोही याचाच. एका घरी माकडं उड्या मारतात असं समजून वर फटाके लावले होते. तो आवाज म्हणजे अडकलेली शीट झटका देऊन सुटते त्याचा. असा आवाज येणाऱ्या शेडचे स्क्रू पहिल्या पावसाआधीच ढिले करून घ्या. पुढच्या वर्षी गळणारी शेड तीच असते.

नेमकं कुठून गळतंय ते शोधा

खाली थेंब पडतो त्याच्या बरोबर वरच भोक असेल असं समजू नका. पाणी शीटच्या खालच्या अंगाने किंवा पाइपवरून चार-चार फूट सरकतं आणि सोयीच्या जागी टपकतं. कोरड्या दिवशी दोन माणसांनी ही परीक्षा करावी. एकाने पाण्याची नळी धरायची, दुसऱ्याने खाली उभं राहून बघायचं. सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून करा. एका पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं पाणी सोडा, खाली काही आलं नाही की एक हात वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहत जातं आणि कुठलं गळतंय ते कळत नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. थंडीत, पाऊस नसताना, फक्त पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नव्हेच. खालची दमट हवा गार शीटला लागून दव जमतं आणि टपकतं. चारी बाजूंनी बंद केलेल्या शेडमध्ये, विशेषतः खाली वॉशिंग मशीन किंवा पाण्याची टाकी असेल तर हे हमखास होतं. वरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवली की ते थांबतं. तिथे कितीही सिलिकॉन मारलं तरी पहाटेचं पाणी येतच राहणार.

आणि कळकळीने सांगतो, शीटवर पाय देऊ नका. हातोडीचा घाव सोसते म्हणून ती माणसाचं वजन पेलेल असं नाही. दोन पर्लिनवर, म्हणजे शीटखालच्या आडव्या पाइपांवर, भक्कम आडवी फळी टाका आणि फळीवरच वावरा. ओल्या शीटवर पाय सरकतो आणि गच्चीला कठडा असेलच असं नाही.

दुरुस्ती

मावशींच्या शेडवर आम्ही काय केलं ते सांगतो. पाचपैकी चार शीट वाचल्या. कडेपर्यंत चीर गेलेली एक मात्र बदलावी लागली. कडेला पोचलेली चीर पुढे वाढतच जाते, तिच्यावर चिकटपट्टी लावून काही उपयोग नाही.

सगळे स्क्रू काढले. इथे एक गोष्ट समजून घ्या. बरेच कारागीर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू शीटमधून थेट पाइपमध्ये घुसवतात. काम पटकन होतं, पण भोक स्क्रूएवढंच पडतं आणि शीटला हलायला जागाच राहत नाही. शीटमध्ये आधी स्वतंत्र भोक पाडावं लागतं. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण ९ ते १० मिलिमीटरचं. म्हणून आम्ही जुनी भोकं स्टेप ड्रिलने, म्हणजे पायरीपायरीने रुंद होत जाणाऱ्या ड्रिलने, मोठी केली. भोक मोठं केल्यावर त्याच्या कडेच्या बारीक चिराही बऱ्याचशा निघून जातात. भोकाची कड साध्या चाकूने साफ करायची, खरबरीत ठेवायची नाही. नवं भोक पाडायचं असेल तर कडेपासून किमान दीड इंच आत.

भोक मोठं झालं म्हणजे वॉशरही रुंद हवा. २५ मिलिमीटर व्यासाचा, धातूची वाटी आणि खाली ईपीडीएम रबर असा. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉशर मागितला की कधी कधी पीव्हीसीचा देतात. दिसायला सारखाच असतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते पॉलिकार्बोनेटमध्ये उतरतं आणि वॉशरखालीच चिरा पाडतं. दुकानदाराला 'ईपीडीएम' असं नाव घेऊनच मागा.

शेवटी स्क्रू कसणं. हे काम मी नव्या पोराच्या हातात ड्रिल देऊन सोडत नाही. वॉशर शीटला टेकला, रबर जरासं दबलं, की थांबायचं. रबर कडेने फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं. ड्रिलचा क्लच कमीत कमीवर ठेवा आणि शेवटचा अर्धा फेरा हातानेच द्या.

दोन शीटच्या जोडावर आम्ही सिलिकॉन अजिबात लावलं नाही. तिथे ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन्ही बाजूंना रबरी गॅस्केट असलेलं प्रोफाइल बसवलं. शीट गॅस्केटखाली मागेपुढे सरकते आणि पाणी आत येत नाही. शीट आणि प्रोफाइलच्या आतल्या कडेत फट सोडायची. किती सोडायची ते काम कोणत्या ऋतूत चाललंय त्यावर ठरतं. दिवाळीनंतरच्या थंडीत बसवत असाल तर शीट आखडलेली असते, तेव्हा मीटरला तीन-साडेतीन मिलिमीटर हिशोबाने पूर्ण फट ठेवा. मे महिन्याच्या भर दुपारी बसवत असाल तर ती आधीच वाढलेली असते, तेव्हा फट कमी लागते. डिसेंबरात घट्ट बसवलेली शीट एप्रिलमध्ये पापडासारखी फुगलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे.

भिंतीलगतचा जोड हे दुसरं दुखणं. शीट भिंतीला टेकवून मधल्या कोपऱ्यात सिलिकॉनची वळकटी ओढतात. भिंत हलत नाही, शीट हलते, वळकटी पहिल्याच उन्हाळ्यात सुटते. तिथे भिंतीत खाच मारून ॲल्युमिनियमची फ्लॅशिंग पट्टी बसवावी लागते. तिची वरची कड सिमेंटमध्ये पक्की आणि खालची बाजू शीटवर मोकळी झुकलेली. एकदाच खर्च होतो.

आणि उतार. फुटाला एक इंच हे कमीत कमी. मावशींच्या शेडला तेवढा होता म्हणून बरं. उतारच नसेल तर वरचं सगळं नीट केलं तरी पाणी थबकून राहील, धूळ साचेल आणि शेवाळ धरेल. अशा शेडचा सांगाडाच उचलून घ्यावा लागतो. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण सांगावं लागतं.

कोणतं सिलिकॉन, आणि चिरा आपोआप का पडतात

अंबडला असताना आमच्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनच्या दाराला पॉलिकार्बोनेटची खिडकी होती. उडालेला जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) किंवा तुटलेलं टूल अडवायला तीच लागते. एका शिफ्टला तिच्यावर ऑइल पेंटचे ठिपके पडले, म्हणून एकाने थिनरचा बोळा फिरवला. बघता बघता खिडकी दुधाळ झाली आणि आत जाळ्यासारख्या चिरा पसरल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे प्लास्टिक घावाला जेवढं चिवट, तेवढंच रसायनाला हळवं आहे. ताण असलेल्या जागी ते आणखी हळवं होतं, आणि स्क्रूभोवती ताण असतोच.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. ते काचेला चालतं, पॉलिकार्बोनेटला नाही. मावशींच्या शेडवर तीन वर्षं तेच लावलं होतं. म्हणजे गळती थांबवायला म्हणून जे लावलं त्यानेच चिरांना हातभार लावला. लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. त्याला आंबट वास येत नाही. उघडून वास घेतला तरी फरक कळतो.

हाच नियम घरातल्या इतर वस्तूंना. हेल्मेटची व्हायझर, चष्म्याची न फुटणारी काच, गाडीच्या हेडलाइटचं आवरण, एलईडी दिव्याची टोपी, विजेच्या बोर्डावरचं पारदर्शक झाकण, यांतलं बरंचसं पॉलिकार्बोनेटच असतं. व्हायझर पेट्रोलने किंवा अमोनियाच्या काच-क्लीनरने पुसू नका. शेड असो की व्हायझर, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ सुती फडकं पुरेसं आहे. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, नाहीतर तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. तापलेल्या शीटवर भर उन्हात साबण घालू नका, सकाळी लवकर धुवा.

सांगाड्याला रंग द्यायचा असेल तर शीट चढवण्याआधी द्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. ओल्या रंगातला थिनरही शीटला बाधतो. शीट जिथे पाइपवर टेकते तिथे वरून पांढरा रंग मारला तर पाइप कमी तापतो.

पिवळेपणा आणि मल्टिवॉलमधलं शेवाळ

पिवळी पडलेली शीट परत पांढरी होत नाही, हे आधीच सांगतो. साध्या पॉलिकार्बोनेटला सूर्याचे अतिनील किरण बाधतात. ते पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. म्हणून बाहेर वापरायच्या शीटच्या एका अंगाला किरण अडवणारा पातळ थर चढवलेला असतो. कुठलं अंग वर ठेवायचं ते संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं. फिल्म आधीच सोलून टाकली की दोन्ही अंगं डोळ्याला सारखीच दिसतात आणि उलटी शीट बसते. एकाच शेडमधली एखादीच शीट दोन वर्षांत पिवळी पडून बाकीच्या स्वच्छ असतील, तर ती उलटी बसली असण्याची शक्यता मोठी. काम चालू असताना छापील फिल्मसकट फोटो काढून ठेवा. बसवून झालं की मात्र फिल्म त्याच दिवशी काढा, उन्हात ती भाजून चिकटते. हेडलाइटचा पिवळेपणा पॉलिशने जातो, पण पॉलिशबरोबर संरक्षक थरही जातो. वरून नवा थर दिला नाही तर तो पुन्हा पिवळा होतो.

मल्टिवॉल शीटच्या, म्हणजे आतून पोकळ नळ्या असलेल्या शीटच्या आत हिरवट रेघा दिसत असतील, तर तिची टोकं उघडी राहिली आहेत. नळ्या नेहमी उताराच्या दिशेने हव्यात. वरचं टोक ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद, खालचं टोक बारीक छिद्रांच्या, हवा जाणाऱ्या टेपने. त्यावर यू प्रोफाइल, आणि खालच्या प्रोफाइलला पाणी निघायला भोकं. अनेकदा दोन्ही टोकांना पॅकिंगची खाकी टेप लावलेली असते. ती पहिल्या पावसातच सुटते. मग मुंग्या, कुंभारमाशीची माती आणि शेवाळ. शीट उतरवून कॉम्प्रेसरची हवा मारा, पूर्ण वाळू द्या, मग नव्याने टेप लावा. ओली असताना बंद केली तर दमटपणा आतच कोंडतो.

घेताना

नाशिकमध्ये 'पॉली' म्हटलं की गोंधळ होतो. दिंडोरीकडच्या पॉलीहाऊसवर असते ती पॉलिथिनची फिल्म, तिचा आणि या शीटचा काही संबंध नाही. ॲक्रिलिकही दुकानात शेजारीच उभं असतं. दुकानदाराकडून कापलेला बोटभर पट्टीचा तुकडा मागा आणि पक्कडीत धरून वाकवा. पॉलिकार्बोनेट काटकोनात वळतं आणि मोडत नाही. ॲक्रिलिक कट्‌कन तुटतं. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हरमान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी हे प्लास्टिक वेगवेगळं शोधलं. पुढे चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या हेल्मेटचा पारदर्शक घुमट याचाच होता. आपल्याकडे २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. तशा गारांखाली साध्या काचेपेक्षा चांगली सॉलिड शीट कितीतरी जास्त तग धरते. म्हणून मावशींना मी पत्रा टाकू दिला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काम संपलं. जुलैत दोन दिवस संततधार लागली तेव्हा मीच फोन केला. मावशी म्हणाल्या, "वरून थेंब नाही दादा. फक्त पाचव्या शीटच्या कोपऱ्याला ओल दिसते." जाऊन पाहिलं, तर शेजारच्या उंच गच्चीची पागोळी थेट आमच्या फ्लॅशिंगवर कोसळत होती. शेजारच्या काकांशी बोलणं झालं आहे. त्यांच्या कडेला पन्हळ बसवायची आहे, त्यासाठी पाऊस उघडायची वाट बघतोय.